मुंग्या आल्याशिवाय खाऊ न देणारं झुडूप: देठात राहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या मुंगीबद्दल विचारायचंय

सांजपाखरू:

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एका मुंगीने डोक्यात घर केलंय आणि मराठीत तिच्याबद्दल शोधायला गेलं तर काही म्हणजे काही हाती लागत नाही, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

मुंगीचं नाव फायडोली बायकॉर्निस. मोठ्या डोक्याच्या मुंग्या म्हणतात ना, त्यातली एक. कोस्टारिकाच्या पावसाळी जंगलात खाली सावलीत पायपरची झुडपं वाढतात (मिरी, नागवेल, पिंपळी या सगळ्यांची भावंडंच ती), त्यातल्या काही जातींच्या पानाचा देठ आतून नळीसारखा पोकळ असतो आणि त्या नळीत ही मुंगी राणी, अंडी, अळ्या सगळ्यांसकट संसार थाटते. इथवर ठीक आहे, झाडात राहणाऱ्या मुंग्या बऱ्याच आहेत. पण पुढे जे वाचलं तिथे मी अडकले. देठाच्या आतल्या भिंतीवर हे झुडूप बारीक मोत्यांसारखे दाणे तयार करतं आणि मुंग्या मुख्यतः त्यावरच जगतात, पण १९८१ साली रिश आणि रिक्सन या दोघांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की मुंग्या राहत असतील तरच दाणे बनतात, मुंग्या नसल्या तर अगदी नावापुरते, आणि मुंग्या काढून टाकल्या की बनणं हळूहळू थांबतं.

आता माझा प्रश्न. झाडाला कळतं कसं? त्याला ना डोळे ना नाक, आणि देठात शिरलेला प्राणी मुंगीच आहे, दुसरा कुठला किडा नाही, हे ते कशावरून ठरवतं? मला मुलांसाठी एक छोटा लेख लिहायचाय आणि त्यात 'झाडाला कळतं' एवढं लिहून मोकळं व्हायला मन धजत नाही.

आणि जमलं तर अजून एक. मोठं डोकं म्हणतात ते नक्की कशासाठी? इतक्या अरुंद जागेत राहणाऱ्या मुंगीला ते डोकं घेऊन करायचंय काय?

मुंग्यांमागे:

ताई, या मुंगीबद्दल कोणीतरी विचारलं यानेच बरं वाटलं. फायडोली या एका नावाखाली हजाराच्या वर जाती आहेत, मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी २००३ साली फक्त अमेरिका खंडांतल्यांचा ग्रंथ काढला त्यात ६२४ जाती होत्या आणि त्यातल्या ३३७ तोपर्यंत कोणी नावानिशी नोंदवलेल्याच नव्हत्या. आणि एवढ्या गोतावळ्यात लोकांना माहीत असते ती एकच, मेगॅसेफाला, कारण ती आफ्रिकेतून निघून जगभर पसरली आणि जिथे गेली तिथल्या मुंग्यांच्या मुळावर उठली. बाकीच्या हजारभर बहिणी आपापल्या पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात गुपचूप जगतायत. बायकॉर्निसला मुंग्यांचे अभ्यासक फोरेल यांनी १८९९ साली नाव दिलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती कपाटातच राहिली म्हणायची.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. 'कळतं' हा शब्द तुम्हाला खटकला ते बरोबरच आहे. आधी बाकीची झाडं काय करतात ते बघा म्हणजे हे वेगळेपण लक्षात येईल. मध्य अमेरिकेतला तो बैलाच्या शिंगांसारख्या काट्यांचा बाभळीचा प्रकार, ज्यावर १९६० च्या दशकात जॅन्झेन यांनी काम केलं, तो पानांच्या टोकांना खाऊचे दाणे धरतो आणि देठावर मध पाझरतो. मुंग्या आल्या काय, न आल्या काय, दाणे लागायचेच. रोज पंगत मांडून ठेवायची, येईल तो जेवेल, असा त्याचा कारभार.

पायपरचं तसं नाही. एकेक दाणा म्हणजे सालीची एकच पेशी फुगून तयार झालेली असते आणि ती चरबी आणि प्रथिनांनी गच्च भरलेली असते. हे झुडूप वाढतं कुठे तर जंगलाच्या तळाशी, वरच्या झाडांतून गळून जो काय उजेड खाली पोचेल तेवढ्यावर. त्यामुळे चरबी बनवणं त्याला बाभळीपेक्षा कितीतरी महाग पडत असणार. राखणदार नसताना दाणे मांडून ठेवले तर भलतेच किडे येऊन खाऊन जातील आणि झुडपाच्या पदरात काहीच पडणार नाही. म्हणून मला हा हिशोब पटतो, की पाहुणा घरात आल्यावरच चूल पेटवायची.

पण 'पाहुणा आला' हे देठाला समजतं याचा अर्थ एवढाच की पोकळीत काहीतरी घडतं आणि तिथल्या पेशी त्याला उत्तर देतात. स्पर्श असेल, दाणे खुडले जाणं असेल, अंगातून येणारं एखादं द्रव्य असेल. लाजाळू पानं मिटते तेव्हा आपण तिला लाज वाटली असं म्हणतो खरं, पण आत चाललेलं असतं ते पेशीतल्या पाण्याचं जाणं-येणं. इथेही तसंच समजा.

हिरवादेठ:

छान धागा. माझ्या समजुतीप्रमाणे यात फार गूढ काही नाहीये, झाड पगार देतं आणि मुंग्या पहारा करतात. त्या बाभळीवरच्या मुंग्या नुसता हात लागला तरी तुटून पडतात, तसंच इथे मोठ्या डोक्याचे शिपाई पानाला तोंड लावणाऱ्या किड्यांना फाडत असतील. म्हणूनच तर एवढे जबडे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं असं मला वाटतं.

तीनमहिनेजंगलात:

हिरवादेठ, मीही अगदी हाच समज घेऊन गेले होते आणि पहिल्याच आठवड्यात तो गळून पडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कोस्टारिकातल्या ला सेल्वाच्या संशोधन केंद्रात तीन महिने मदतनीस म्हणून होते. पाऊस वर्षाला चार मीटरच्या घरात, कपडे कधी पूर्ण वाळायचेच नाहीत. तिथे पायपरच्याच पन्नासेक जाती आहेत, त्यामुळे पहिले काही दिवस नुसतं हे कुठलं आणि ते कुठलं हेच चालतं. ज्या झुडपाबद्दल ताई विचारतायत ते बहुतेक पायपर सेनोक्लेडम, पानं मोठाली, आणि देठाच्या दोन्ही कडा आत वळून एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे एखाद्या कागदाची सुरळी करून शिवण बरोबर वरच्या बाजूला ठेवावी तशा.

त्या शिवणीत नख घालून हलकेच उघडायचं. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत काय होतं ते अजून डोळ्यासमोर आहे. भिंतीवर दाणे, पारदर्शक, साबुदाण्याच्या शिजलेल्या कणासारखे पण त्याहून कितीतरी बारीक, आणि त्यांच्यामध्ये दोनेक मिलिमीटरच्या पिवळट तपकिरी मुंग्या. उजेड पडल्याबरोबर त्यांनी काय केलं तर अळ्या तोंडात धरल्या आणि देठाच्या खालच्या अंधाऱ्या टोकाकडे धावल्या. माझं बोट तिथेच होतं. एकही चावली नाही. दोघीतिघी नखावर चढल्या, शिंगांनी चाचपून बघितलं आणि परत फिरल्या. त्याच जंगलात बुलेट अँट नावाची इंचभर मुंगी आहे जिच्या डंखाला सगळे घाबरून असतात, दर पावलाला खोडाकडे बघून हात ठेवतात, आणि या बिचाऱ्या शेजारी असून कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

मग त्या करतात काय? तासन् तास बसून बघितलं तर दिसतं. पानावर फिरत असतात, सतत. फुलपाखराचं किंवा पतंगाचं अंडं दिसलं की ते उचलायचं आणि पानाच्या कडेवरून खाली टाकून द्यायचं. वरून पडलेला कचरा, बारीक काटकी, शेवाळाचा तुकडा, तेही टाकायचं. दुसऱ्या वेलीचा कोंब टेकला तर तो कुरतडायचा. एवढंच. मारामारी नाही, पळापळ नाही. या झुडपावर संशोधन करणाऱ्या लेटर्नो बाईंनी १९८३ सालीच हे मांडलं होतं की या मुंग्या झाडाला वाचवतात ते अंगावर धावून जाऊन नव्हे, निवडून टिपून स्वच्छ ठेवून. अळी मोठी होऊन पान खायला लागल्यावर तिच्याशी भांडण्यापेक्षा अंडं असतानाच उचलून टाकणं किती सोपं आहे विचार करा. म्हणून मला ही पहारेकऱ्यापेक्षा घर झाडणारी वाटते, आणि ते काम पहाऱ्याइतकंच मोलाचं आहे.

आता ताईंच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे देठ कशावरून ठरवतो यावर. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला एका भुंगेऱ्याकडून मिळालं. त्याच देठांमध्ये कधी कधी मुंग्यांऐवजी एक गुलाबीसर अळी सापडते, क्लेरिड कुळातल्या छोट्या भुंगेऱ्याची. ती देठात घुसते, मुंग्या आणि त्यांची पिल्लं खाते. आणि त्या देठाच्या भिंतीवर दाणे असतातच! मुंगी एक शिल्लक नाही, तरी दाणे भरपूर, आणि ती अळी तेही खाते. लेटर्नो बाईंनी १९९० साली 'सायन्स'मध्ये हे छापलं की भुंगेऱ्याची अळी एकटी असली तरी झुडूप दाणे बनवायला लागतं.

म्हणजे ताई, तुमच्या लेखापुरतं सांगायचं तर झुडूप मुंगी ओळखत नाही. मुंगी असताना आत जे काही घडतं त्याला ते उत्तर देतं, आणि तेच कोणी दुसऱ्याने घडवलं तर त्यालाही देतं. कुलूप आहे पण चावी एकीकडेच आहे असं नाही, चोरालाही ती बनवता आली.

सांजपाखरू:

हे वाचून अंगावर काटा आला. भुंगेऱ्याचं मला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे तो आधी यजमानाचे राखणदार खातो आणि मग यजमानाकडूनच जेवण काढून घेतो.

तुमच्या नखावर चढून परत फिरलेल्या मुंग्या मला फार आवडल्या, तेवढा प्रसंग लेखात घेऊ का?

पण मग माझा दुसरा प्रश्न आणखी पक्का झाला ना. भांडायचंच नसेल, अंडी उचलून टाकायची असतील, तर मोठं डोकं कशाला? तुम्ही देठ उघडलात तेव्हा मोठ्या डोक्याच्या दिसल्या का?

तीनमहिनेजंगलात:

अवश्य घ्या. आणि हो, दिसतात, पण थोड्या. देठ उघडला की सगळीकडे बारीक डोक्याच्याच, आणि मधेच एखादी अशी की वाटावं डोकं दुसऱ्या मुंगीचं लावलंय. पानावर फिरताना मला जवळजवळ बारीकच दिसल्या, मोठ्या डोक्याच्या आतच असायच्या. पुढचं मुंग्यांमागे यांनी सांगावं, तो त्यांचा विषय.

मुंग्यांमागे:

सांगतो. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

फायडोलीत कामकरी मुंग्या दोन मापांच्या असतात. लहान कामकरी आणि शिपाई. दोघी एकाच राणीच्या मुली, मधलं माप सहसा नाहीच. शिपायाचं डोकं मागून बघितलं तर पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं, मधे खाच आणि दोन्हीकडे फुगवटे. त्या फुगवट्यांत मेंदू नसतो हो, तिथे भरलेला असतो जबडा मिटणारा स्नायू. अख्खं डोकं म्हणजे एका चाव्याची मूठ आहे असं समजा. त्याचा उपयोग जातीजातीला वेगळा. कुठे बिया फोडायला, कुठे मोठी शिकार कापायला, कुठे दारात उभं राहायला. बायकॉर्निसच्या बाबतीत बाहेरचं काम लहानग्या करतात म्हटल्यावर शिपाई घरातल्या प्रसंगासाठी राखून ठेवलेत असं धरायला हरकत नाही.

आणि ते डोकं पेलायचं ओझं केवढं! पापुआ न्यू गिनीच्या दोन फायडोलींचं २०१६ साली वर्णन झालं, त्यांच्या पाठीवर लांब काटे आहेत. सगळ्यांना वाटायचं काटे म्हणजे संरक्षण. स्कॅन करून बघितलं तर शिपायांच्या पुढच्या काट्यांच्या आत स्नायू भरलेले निघाले, आणि अभ्यासकांचं म्हणणं पडलं की हे स्नायू त्या अवजड डोक्याला आधार देत असावेत.

आता शिपाई बनतो कसा हे ऐका. जन्मतः ठरलेलं नसतं. अळी असताना खाणं भरपूर मिळालं, ती एका मापाच्या पुढे गेली, तर तिच्या अंगात जुव्हेनाइल हार्मोन (किड्यांच्या वाढीवर ताबा ठेवणारं द्रव्य) एका पातळीच्या वर राहतं आणि ती शिपायाच्या वाटेला लागते. डायना व्हीलर आणि फ्रेड नायहाउट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बायकॅरिनाटा नावाच्या फायडोलीवर हे दाखवलं, अळ्यांना त्या हार्मोनसारखं द्रव्य लावलं की शिपाई जास्त निघायचे. आणि वारुळात शिपाई आधीच पुरेसे असतील तर त्यांच्या अंगच्या द्रव्यानेच नवे शिपाई बनणं दाबलं जातं. म्हणजे किती शिपाई हवेत याची मोजणी कोणी करत नाही, शिपायांच्या असण्यातूनच ती होते. ताई, हे तुमच्या झुडपाच्या गोष्टीला किती जवळचं आहे बघा. तिथेही मुंग्यांच्या असण्यातूनच दाणे बनतात.

२०१८ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अबुहाइफ यांच्या गटाने तर कमालच केली. कामकरी मुंग्यांना पंख नसतात हे सगळ्यांना माहीत. पण शिपाई होणाऱ्या अळीच्या अंगात पंखाचा एक अंकुर थोडे दिवस वाढतो आणि मग नाहीसा होतो. लोक त्याला उरलासुरला अवशेष समजायचे. यांनी तो अंकुर वाढू दिला नाही तर डोकं आणि अंग लहान राहिलं. म्हणजे कधीच न उघडणारा पंख डोकं किती मोठं करायचं ते ठरवतो. मी ते पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोपलो नाही, खरंच सांगतो.

आणि अरुंद जागेत शिपाई कशाला याचं आणखी एक उत्तर विल्सन यांच्या १९८४ च्या प्रयोगात आहे. त्यांनी काही फायडोलींच्या वसाहतीतून लहान कामकरी काढून घेतल्या, इतक्या की त्या शिपायांपेक्षा कमी राहिल्या. तासाभरात शिपायांनी अळ्यांना सांभाळायला, चाटायला, साफ करायला सुरुवात केली. एरवी त्या कामाला हात न लावणाऱ्या. लहानग्या परत सोडल्या की शिपाई पुन्हा बाजूला. म्हणून मला शिपाई म्हणजे नुसता लढवय्या असं म्हणवत नाही. वेळ पडली तर तो घरातलं सगळं बघतो.

हिरवादेठ:

माझी समजूत दुरुस्त झाली, दोघांचे आभार. बाभळीवरचं सगळीकडे लागू करायला गेलो तिथेच चुकलो. एक शंका मात्र राहते. अंडी उचलून टाकणाऱ्या मुंग्या आहेत हे मान्य, पण टोळ किंवा पानं कापणाऱ्या मुंग्या बाहेरून येतात, त्या तिथे अंडी घालत नाहीत. त्यांच्यापासून झुडूप कसं वाचतं?

पिंपळीरस:

ही शंका माझ्या कामाची आहे म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितेय, मी रसायनशास्त्रातली.

पायपर सेनोक्लेडमच्या पानात अमाइड जातीची द्रव्यं असतात. त्यातलं एक पिप्लार्टिन, त्याचंच दुसरं नाव पायपरलाँग्युमिन, आणि ते नाव पडलं आपल्या ओळखीच्या पिंपळीवरून, कारण तिचं शास्त्रीय नाव पायपर लाँगम. मिरीचा तिखटपणा ज्या पायपरीनमुळे येतो तेही याच गोतातलं. दुसरं एक द्रव्य या झुडपातच सापडलं म्हणून त्याला सेनोक्लेडामाइड असं नाव दिलं गेलं. हे सगळं पान खाणाऱ्याला नकोसं करण्यासाठी.

ली डायर, लेटर्नो आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ च्या सुमारास जे मोजलं ते मला अतिशय सुंदर वाटतं. ज्या झुडपांत मुंग्या नांदत होत्या त्यांच्या पानांत अमाइड कमी. ज्यांच्यातून मुंग्या काढल्या त्यांच्या पानांत अमाइड वाढलेले. म्हणजे झुडपाकडे दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम पूर्ण जोरात चालवणं त्याला परवडत नाही. राखण करणाऱ्या असल्या की खर्च दाण्यांवर, नसल्या की खर्च विषावर.

आणि तुमच्या शंकेचं उत्तर असं की दोन्ही उपायांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. पायपरवरच जगणारे जे किडे आहेत, उदाहरणार्थ इओइस नावाच्या पतंगाच्या अळ्या, त्यांना अमाइडची सवय झालेली असते, त्यांच्यावर विष फारसं चालत नाही, तिथे अंडी उचलणाऱ्या मुंग्याच उपयोगी. उलट टोळ, पानं कापणाऱ्या मुंग्या हे सगळं काही खाणारे फिरस्ते, त्यांना अमाइड जड जातात. म्हणून मुंग्या असलेल्या झुडपातही अमाइड शून्यावर येत नाहीत, नुसते उतरतात.

मी स्वतः हे झुडूप कधी बघितलेलं नाही, माझा संबंध बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीशी. पण वर नखाने देठ उघडल्याचं वाचल्यापासून ती भुकटी बघताना मला तो देठ दिसायला लागलाय.

सांजपाखरू:

पिंपळीरस, लिहित राहा इथे, फार छान समजावलंत.

मी आत्ता लेखाचा कच्चा मसुदा मांडतेय आणि एका जागी पेन थांबतंय. मुंगी झुडपाला स्वच्छ ठेवते, झुडूप मुंगीला जेवण देतं, मुंगीचा उपयोग झुडपाला आणखी काही होतो का? आणि भुंगेरा आला की शेवटी झुडपाचं काय होतं, ते मरतं का? मुलं हे नक्की विचारणार.

तीनमहिनेजंगलात:

पहिल्याचं उत्तर, हो, खत मिळतं. संशोधकांनी मुंग्यांना खूण केलेला नायट्रोजन खाऊ घातला, म्हणजे जड नायट्रोजन-१५, जो नंतर यंत्रावर ओळखता येतो. थोड्याच दिवसांत तो झुडपात सापडला. मुंग्यांची विष्ठा, मेलेल्या मुंग्या, उरलंसुरलं, हे सगळं त्या पोकळीतच साठतं आणि झुडूप ते आतून शोषून घेतं. दाणे जातात भिंतीतून आणि त्यातला थोडा भाग भिंतीतूनच परत येतो.

दुसऱ्याचं उत्तर जरा मोठं. लेटर्नो आणि डायर यांनी ला सेल्वात मुद्दाम काही झुडपांवर भुंगेऱ्याच्या अळ्या सोडल्या आणि वर्षभराहून जास्त काळ मोजत राहिले. भुंगेरा सोडलेल्या झुडपांत मुंग्या घटल्या, मुंग्या घटल्या म्हणून पानं खाणारे वाढले, आणि ते वाढले म्हणून झुडपाच्या पानांचा पसारा कमी झाला. एका टोकाला भुंगेरा, दुसऱ्या टोकाला पान, आणि मधे मुंगी आणि पानं खाणारी अळी. चार पायऱ्यांची ही साखळी जंगलात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलेली उदाहरणं तेव्हा फार थोडी होती, म्हणून पर्यावरणशास्त्राच्या लोकांत हे झुडूप इतकं ओळखीचं झालं.

मरतं का, तर लगेच नाही. सेनोक्लेडमचं एक वैशिष्ट्य असं की ते बियांपेक्षा तुकड्यांनी जास्त पसरतं. वरून फांदी कोसळली, झुडूप मोडलं, तर मोडलेला तुकडा ओल्या मातीत पडल्या पडल्या मुळं धरतो. मी पायवाटेच्या कडेला असा एक तुकडा रोज बघायचे, वीतभर लांब, दोनच पानं. तिसऱ्या आठवड्यात त्याला नवं पान फुटलं, देठ अजून कोवळा, कडा नुकत्या आत वळत होत्या. त्याची शिवण पूर्ण मिटायच्या आधीच एक राणी आली होती, पंख गळलेले, एकटी. मी भिंगातून बघितलं. ती कडेकडेने फिरत होती आणि वळणाऱ्या दोन कडांमधली फट शोधत होती.

सांजपाखरू:

आत गेली का?

तीनमहिनेजंगलात:

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा कडा मिटलेल्या होत्या. मी ती शिवण उघडली नाही.